लोर्नाच्या हातातले बटण

'परस्परसंवादी' हा शब्द शिक्षणाच्या क्षेत्रात आता इतका रुळला आहे की त्याचा नेमका अर्थ विचारावा असे कुणाला वाटत नाही. फळा परस्परसंवादी असतो, पुस्तक असते, सॉफ्टवेअर तर असतेच. विद्यार्थ्याने पडद्यावर बोट टेकवले, पडद्याने काहीतरी उत्तर दिले, की विद्यार्थी 'सक्रिय' झाला असे आपण धरून चालतो. हे गृहीतक तपासून पाहायचे असेल तर आम्ही वाचकांना शिक्षणशास्त्राच्या जरा बाहेर नेऊ इच्छितो. अमेरिकेतल्या लिन हर्शमन लीसन या कलावतीने १९७९ ते १९८४ या काळात 'लोर्ना' नावाची एक व्हिडिओ डिस्क तयार केली. पाहणाऱ्याने बटण दाबून गोष्ट पुढे न्यायची अशी, कलाकृती म्हणून बनवलेली ही पहिली व्हिडिओ डिस्क, असे तिचे वर्णन केले जाते. विज्ञानाच्या मासिकात कलाकृतीचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न कुणी विचारील. आमचे उत्तर असे की ही कलाकृती ज्या यंत्रावर उभी आहे ते यंत्र समजून घेतल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. आणि कलासमीक्षक यंत्राच्या भानगडीत सहसा पडत नाहीत.

तेव्हा आधी यंत्र. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहरात लेसर डिस्क वाजवणारी घरगुती यंत्रे प्रथम विक्रीला आली. डिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी, सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची चकचकीत तबकडी. तिच्यात एका सलग सर्पिल रेषेवर अतिसूक्ष्म खळगे असतात. सर्पिलाच्या दोन शेजारच्या वेढ्यांमधले अंतर सुमारे १.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीत चाळीसेक वेढे सहज मावतील. लेसरचा किरण या रेषेवर पडतो, परावर्तित होतो, आणि खळगा आला-गेला की परावर्तित प्रकाश कमी-जास्त होतो. त्यावरून चित्राचा विद्युत्संकेत परत मिळवायचा. लेसर आणि खळगे म्हटले की आपल्याला सीडी आठवते आणि सीडी म्हणजे अंकी नोंद. लेसर डिस्कवरचे चित्र मात्र अंकी नव्हते. खळग्यांची लांबी आणि त्यांच्यामधले अंतर सलगपणे बदलत जाई. एफ.एम. रेडिओत जसा लहरींच्या वारंवारतेतला बदल आवाज वाहून आणतो, तसाच इथे तो चित्र वाहून आणत असे. विद्यार्थ्यांना 'लेसर म्हणजे डिजिटल' असे वाटत असेल तर हे उदाहरण अवश्य सांगावे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अमेरिकेतील दूरचित्रवाणी सेकंदाला ३० चित्रचौकटी दाखवत असे. डिस्कचा एक प्रकार असा होता की तिच्या एका फेऱ्यात बरोबर एक चौकट मावे; म्हणून ती मिनिटाला १८०० फेरे घेई. (आपल्याकडच्या २५ चौकटींच्या पद्धतीत १५०० फेरे पुरत.) एका बाजूवर ३० मिनिटांचे चित्रण, म्हणजे ५४,००० चौकटी. पडद्यावरचा शलाका-बिंदू खालून पुन्हा वर जाताना जो रिकामा वेळ मिळतो, त्यात प्रत्येक चौकटीचा क्रमांक नोंदवलेला असे. त्यामुळे '२१,४०७ क्रमांकाची चौकट दाखव' असे यंत्राला सांगता येई आणि लेसरचा डोळा सरळ तिथे जाऊन थांबे. चित्रफितीत हे शक्य नव्हते. फीत गुंडाळत गुंडाळत तिथवर न्यावी लागे. फितीला सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो. तबकडीला यांपैकी काहीच असण्याची सक्ती नव्हती. गोष्ट कुठूनही सुरू करावी, कुठेही वळवावी. फक्त एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना लेसरच्या डोळ्याला थोडा वेळ लागे आणि तेवढा वेळ पडदा काळा राही. हा काळा पडदा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

असे यंत्र हाती आल्यावर माणसांनी त्याचे काय केले? दोन उदाहरणे पाहू. एमआयटी या संस्थेत १९७८ पासून 'ॲस्पेन मूव्ही मॅप' नावाचा प्रकल्प झाला. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा. ॲस्पेन या डोंगराळ गावाच्या रस्त्यांवरून कॅमेरे बसवलेली गाडी फिरवून दर दहा फुटांवर चित्रे घेतली, ती लेसर डिस्कवर भरली आणि पडद्याला बोट लावून डावीकडे-उजवीकडे वळत सारे गाव फिरण्याची सोय केली. एक बटण दाबले की ऋतूही बदले. सैनिकांना अनोळखी गावाची आधीच ओळख व्हावी असा त्यामागचा उद्देश. दुसरे उदाहरण 'ड्रॅगन्स लेअर' या खेळाचे. १९८३ मध्ये अमेरिकेतील खेळघरांत तो आला. डॉन ब्लूथ या कसलेल्या ॲनिमेशनकाराने काढलेली सुंदर चित्रे, एक शूर सरदार, एक किल्ला, एक राक्षसी सर्प आणि त्याच्या कैदेत राजकन्या डॅफ्नी. योग्य क्षणी दांडा योग्य दिशेला ढकलला तर सरदार पुढे जाई. नाही तर मरे, आणि नवे नाणे टाकावे लागे.

दोन्हीकडे बटण धरणारा माणूस हिंडतो, शोधतो, जिंकतो. दुसऱ्या उदाहरणात तर एक स्त्री किल्ल्यात बसून त्याची वाट पाहते. तिच्या हाती कुठलेही बटण नाही. लेसर डिस्क हे यंत्र आपल्या जागी निर्विकार होते. त्याच्यावर भरलेल्या कथांमध्ये मात्र कोण फिरणार आणि कोण बसून राहणार हे आधीच ठरलेले होते.

'लोर्ना'ची सुरुवात या बसून राहणाऱ्या बाजूने होते. लोर्ना ही चाळिशीच्या आसपासची एक स्त्री आहे. तिला घराबाहेर पडण्याची भीती वाटते. मानसशास्त्रात या विकाराला ॲगोराफोबिया म्हणतात; मोकळ्या जागा, गर्दी, जिथून चटकन सुटता येणार नाही अशी ठिकाणे यांची ही भीती. कित्येक वर्षे ती आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडातून बाहेर पडलेली नाही. बाहेरच्या जगाशी तिचा संबंध दोनच वस्तूंमधून येतो, दूरचित्रवाणी संच आणि टेलिफोन. ती जितकी टीव्ही पाहते तितकी बाहेरच्या जगाला घाबरते. जितकी घाबरते तितकी घरात राहते. आणि घरात राहिल्यावर टीव्ही पाहण्याखेरीज करायचे काय? बातम्या धोके सांगतात, जाहिराती उणिवा सांगतात. आपल्या विषयाच्या भाषेत बोलायचे तर हे धन-पुनर्भरणाचे चक्र आहे: परिणाम कारणालाच बळ देतो आणि यंत्रणा एका टोकाला जाऊन अडकते.

पाहणाऱ्यापुढे प्रथम लोर्नाची खोली येते. खोलीत वस्तू आहेत, टीव्ही, टेलिफोन, आरसा, पैशाचे पाकीट, मासे ठेवलेले काचेचे भांडे, आणि प्रत्येक वस्तूला क्रमांक आहे. क्रमांक दाबला की त्या वस्तूचे प्रकरण उघडते: लोर्नाचा भूतकाळ, तिची काळजी, तिची स्वप्ने. अशी एकूण ३६ प्रकरणे. सारे चलचित्रण मिळून १७ मिनिटांचे. काही फाटे पुन्हा मागे आणून सोडतात, काही तुकडे उलटे किंवा वेगळ्या गतीने पाहता येतात, काहींतून एकच प्रसंग निराळ्या बाजूने दिसतो. शेवट तीन. लोर्ना बंदुकीने टीव्ही फोडते. किंवा स्वतःचा जीव घेते. किंवा सामान आवरून लॉस एंजेलिसला राहायला जाते. (हर्शमन स्वतः सॅन फ्रान्सिस्कोची. तिथल्या लोकांच्या मते तिसरा शेवट सर्वांत वाईट, अशी थट्टा तिने केली आहे. पुण्याच्या माणसाला मुंबईबद्दल आणि मुंबईच्या माणसाला पुण्याबद्दल असे म्हणताना आपण ऐकतोच.)

या साऱ्यातली मर्माची गोष्ट आमच्या मते एकच आहे. लोर्ना दिवसभर हातात रिमोट घेऊन वाहिन्या बदलत बसते. तिचा तो रिमोट पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसतो. पाहणाऱ्याला डिस्क चालवण्यासाठी जो रिमोट दिलेला असतो तो जवळजवळ तसाच असतो. प्रदर्शनात ही कलाकृती मांडताना पाहणाऱ्याची बसायची जागाही लोर्नाच्या खोलीसारखीच सजवतात. म्हणजे घराबाहेर न पडणारी एक बाई खुर्चीत बसून बटणे दाबते आहे, आणि तिचे आयुष्य आपल्या हाती आहे अशा समजुतीत आपणही खुर्चीत बसून बटणे दाबतो आहोत. आपण एक फाटा निवडतो. लेसरचा डोळा सरकतो, पडदा काळा होतो. त्या काळ्या क्षणी पाहणाऱ्याच्या हाती फक्त रिमोट उरतो आणि काचेत पुसट दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब. यंत्राची उणीव कलाकृतीने अशी आपल्या कामाला लावून घेतली आहे. मुद्दाम योजली की आयती मिळाली याची चर्चा करण्यात आम्हाला रस नाही; ती तिथे आहे आणि तिचा परिणाम होतो. पुढे 'लोर्ना' डीव्हीडीवर उतरवली गेली. लेसर डिस्कची यंत्रे बनवणाऱ्या पायोनिअर कंपनीने २००९ मध्ये त्यांचे उत्पादन थांबवले, तेव्हा हे उतरवून घेणे अपरिहार्यच होते. पण जलद यंत्रावर काळा पडदा आखडतो, आणि तेवढी ही कलाकृती हलकी होते असे आम्हाला वाटते.

आता निवडीच्या प्रश्नाकडे येऊ, कारण शिक्षकांच्या दृष्टीने खरे दुखणे तिथे आहे. समजा एखाद्या गोष्टीत दर वळणावर दोन पर्याय आहेत आणि अशी दहा वळणे आहेत. प्रत्येक वाट स्वतंत्र ठेवायची तर दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४ शेवट होतील. चित्रित करायचे तुकडे किती? २ + ४ + ८ असे १०२४ पर्यंत, एकूण २०४६. एक तुकडा अर्ध्या मिनिटाचा धरला तर सतरा तासांचे चित्रण झाले. डिस्कच्या एका बाजूवर मावते अर्धा तास. 'लोर्ना'त आहे सतरा मिनिटे. मग इतके फाटे कसे फुटतात? फुटलेले फाटे पुन्हा एकत्र आणून. दोन वाटा वेगळ्या झाल्यासारख्या दिसतात आणि दोन वळणांनंतर एकाच खोलीत येऊन मिळतात. बटण दाबून पुढे सरकणाऱ्या प्रत्येक गोष्टीत, प्रत्येक खेळात आणि प्रत्येक शैक्षणिक कार्यक्रमात हीच युक्ती असते, असावीच लागते. ती लबाडी नव्हे, भूमितीय श्रेढीपुढे पत्करलेली शरणागती आहे. प्रश्न एवढाच की ती पाहणाऱ्यापासून लपवायची की त्याला दिसू द्यायची.

बी.एड.ला 'क्रमान्वित अध्ययन' शिकलेल्यांना येथे काही ओळखीचे वाटेल. १९५० च्या दशकात स्किनरने रेषीय पद्धत मांडली: छोटे पाऊल, प्रश्न, उत्तर, लगेच पडताळा, पुढचे पाऊल. नॉर्मन क्राउडरने शाखीय पद्धत आणली: उत्तर चुकले तर अमुक पानावर जा, तिथे तुझी चूक समजावून दिली आहे, मग परत ये. क्राउडरच्या पुस्तकांची पाने म्हणूनच उलटसुलट क्रमाने लावलेली असत. 'लोर्ना'ची रचना हुबेहूब क्राउडरची आहे. फरक हेतूत आहे. क्राउडरच्या सगळ्या फाट्यांना परत मुख्य रस्त्यावर यायचे असते, कारण बरोबर उत्तर एकच असते आणि ते लेखकाला ठाऊक असते. 'लोर्ना'त बरोबर उत्तर नाही. आरसा आधी उघडा, पाकीट आधी उघडा. लोर्नाची भीती कमी करणारे प्रकरण ३६ मध्ये एकही नाही. थोडा वेळ बटणे दाबल्यावर पाहणाऱ्याला कळते की आपण तिला मदत करत नसून तिची झडती घेत आहोत. तिचे पाकीट उघडणे, तिचे फोनवरचे बोलणे ऐकणे, हे सारे 'संवादा'च्या नावाखाली चालले आहे. आम्हाला माहीत असलेल्या शैक्षणिक कार्यक्रमांपैकी एकानेही आपल्या विद्यार्थ्याला इतके अस्वस्थ करून स्वतःच्या बटणाविषयी प्रश्न विचारायला लावलेले नाही.

लोर्ना स्त्री आहे हा यात योगायोग नाही. संगणकाच्या चित्रांचा इतिहास पाहिला तर स्त्री पडद्यावर फार लवकर आली, पण तपासण्याची वस्तू म्हणून. १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी एका छायाचित्रातील करड्या रंगाच्या छटा मोजून त्या जागी बारीक चिन्हे छापली आणि बारा फूट लांबीचे चित्र तयार केले. जवळून पाहिले तर नुसती चिन्हे, लांबून पाहिले तर आकृती. दृष्टीच्या आकलनाचा हा सुंदर प्रयोग आहे. पण आकृती होती पहुडलेल्या विवस्त्र स्त्रीची. १९७३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रतिमा-प्रक्रियेच्या संशोधकांना चाचणीसाठी एक चांगले छायाचित्र हवे होते. हाताशी होता पुरुषांसाठीच्या एका मासिकाचा नोव्हेंबर १९७२ चा अंक. त्यातल्या मधल्या पानावरच्या चित्राचा वरचा भाग त्यांनी ५१२ गुणिले ५१२ बिंदूंत रूपांतरित केला. हीच ती 'लेना' प्रतिमा. प्रतिमा दाबून लहान करण्याच्या, तिच्या कडा शोधण्याच्या असंख्य शोधनिबंधांत ती पुढची पन्नास वर्षे छापली गेली. आयईईई कंप्यूटर सोसायटीने १ एप्रिल २०२४ पासून ती असलेले निबंध स्वीकारणे बंद केले. तांत्रिकदृष्ट्या चित्र चांगले होते, त्यात बारीक पोत होता, गुळगुळीत भाग होते, हे खरेच. पण तशी चित्रे जगात हजारो होती. हेच का हाताशी होते, याचे उत्तर प्रयोगशाळेत त्या दिवशी कोण बसले होते यात आहे.

(बेल प्रयोगशाळेतच १९६८ पासून लिलियन श्वार्ट्झ ही कलावती काम करू लागली आणि नोल्टनच्याच संगणक-भाषा वापरून तिने १९७० मध्ये 'पिक्सिलेशन' हा छोटा चित्रपट केला. तेव्हा संगणकापाशी स्त्रिया नव्हत्याच असे कुणी समजू नये. एनिॲक या संगणकाच्या आज्ञावली १९४५-४६ मध्ये सहा तरुणींनीच रचल्या होत्या.)

दूरचित्रवाणीवरच्या स्त्रीची अशीच चिरफाड डारा बर्नबॉमने केली. तिचे काम 'लोर्ना'च्या आधीचे आणि आकाराने फार छोटे, पण आम्हाला ते 'लोर्ना'च्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे वाटते. बर्नबॉम शिक्षणाने वास्तुविशारद. 'टेक्नॉलॉजी/ट्रान्सफॉर्मेशन: वंडर वुमन' ही तिची चित्रफीत १९७८-७९ मधली, लांबी पावणेसहा मिनिटांच्या किंचित वर. त्या काळी लोकप्रिय असलेल्या 'वंडर वुमन' मालिकेतले तुकडे घेऊन तिने ते जोडले आहेत. चष्मा घातलेली साधी नोकरदार स्त्री हात पसरून गिरकी घेते, स्फोटासारखा प्रकाश होतो आणि तिची अद्भुत शक्तीची नायिका होते. मालिकेत हे एका भागात एखाद्या वेळी घडे. बर्नबॉम ते लागोपाठ पुन्हा पुन्हा दाखवते. गिरकी, स्फोट, गिरकी, स्फोट. चौथ्या-पाचव्या वेळेला डोळा दिपायचा थांबतो आणि जोड दिसू लागतो. स्फोटाच्या पांढऱ्या प्रकाशाआड दोन वेगळ्या चित्रणांचा सांधा लपवलेला आहे. रूपांतर असे काही होतच नाही. आधीची आणि नंतरची अशा दोन अवस्था आहेत आणि मध्ये कात्री. प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहण्याची वैज्ञानिक सवय येथे कलावतीने वापरली आहे. शिवाय हे सारे तिने पहिल्यांदा दाखवले त्या जागांपैकी एक होती न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या एका केशकर्तनालयाची दर्शनी खिडकी. आत बायका आपले रूप बदलून घेत आहेत आणि बाहेर हा पडदा!

बर्नबॉमच्या फितीत स्त्रीला दोनच पर्याय आहेत: चष्मेवाली किंवा अद्भुत. 'लोर्ना'त वरवर पाहता ३६ आहेत. दोन्ही पाहिल्यावर पर्यायांच्या संख्येवरून स्वातंत्र्य मोजणे किती फसवे आहे हे ध्यानात येते.

हर्शमनने १९८४ ते १९८९ या काळात 'डीप कॉन्टॅक्ट' ही पुढची कृती केली. यात रिमोट गेला आणि स्पर्शाला प्रतिसाद देणारा पडदा आला. मागे संगणक आला. पडद्यावरची मॅरियन नावाची स्त्री काचेवर टकटक करून पाहणाऱ्याला 'मला स्पर्श कर' असे सुचवते. तिच्या शरीराच्या कुठल्या भागावर बोट ठेवले त्यावर पुढची गोष्ट अवलंबून. हेतू स्पष्ट आहे. पाहणाऱ्याची, त्यातही पुरुष पाहणाऱ्याची, जी इच्छा एरवी लपलेली असते ती त्याला स्वतःच्या बोटाने करून दाखवायला लावायची. एका टप्प्यावर लपलेला कॅमेरा सुरू होऊन त्याचे स्वतःचेच चित्र पडद्यावर येते. कल्पना धारदार आहे, पण कृती म्हणून ती आम्हाला 'लोर्ना'पेक्षा उणी वाटते. ज्या सवयीची खिल्ली उडवायची तीच सवय पुरवून पाहणाऱ्याला आत ओढायचे, यात धोका आहे. बरेच जण ओढलेल्या ठिकाणीच थांबतात. शिवाय यंत्र जसजसे सफाईदार झाले तसतसे पाहणाऱ्याचे लक्ष यंत्राच्या चमत्काराकडे गेले. 'लोर्ना'त यंत्र रखडते, पडदा काळा पडतो, आणि त्या रखडण्यात विचार करायला जागा मिळते.

'लोर्ना' निर्दोष आहे असे मात्र नाही. तीन शेवटांत आत्मनाश हा एक पर्याय म्हणून, एका क्रमांकावर, इतर दोघांच्या रांगेत ठेवला आहे. ज्या विकाराने खरोखर माणसे त्रस्त असतात आणि ज्यावर उपचार होऊ शकतो, त्याचे येथे रूपक झाले आहे, आणि रूपकाच्या नादात रुग्ण हरवला आहे. भीतीचे सारे खापर टीव्हीवर फोडणे हेही आम्हाला अपुरे वाटते. घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीला भीती वाटण्याची काही कारणे बाहेर खरीखुरी असतात. ती बातम्यांनी तयार केलेली नसतात. लोर्ना बाहेर का जात नाही याचा शोध खोलीतल्या वस्तूंमध्येच घेतला आहे, रस्त्याकडे कॅमेरा वळतच नाही. ॲस्पेनच्या गाडीवर जे कॅमेरे होते त्यांतला एखादा लोर्नाच्या घराखालच्या रस्त्यावर फिरवला असता तर ही कृती अधिक सखोल झाली असती.

तरीही तिने विचारलेला प्रश्न शिळा झालेला नाही. ज्या वर्षी 'लोर्ना' पूर्ण झाली त्या १९८४ च्या सुमारास अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. नंतर ते घसरत गेले आणि २०१० च्या सुमारास १८ टक्क्यांवर आले. कारणे अनेक सांगतात. घरगुती संगणक मुलग्यांचे खेळणे म्हणून विकला गेला, हे त्यांतले एक. राजकन्या सोडवायला निघालेला सरदार त्याच दुकानातला. आपल्याकडे संगणक शाखेत मुली मोठ्या संख्येने दिसतात, तेव्हा अमेरिकेचा आलेख जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण आपल्या वर्गात डोकावले तर वेगळीच गोष्ट दिसेल. १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, तेव्हापासून एका संगणकाभोवती चार-पाच मुले ही आपली नेहमीची परिस्थिती. त्यांत माऊस कुणाच्या हातात असतो, मागे उभे राहून कोण पाहते, आणि 'आता कुठे दाबू?' हे कोण विचारते, याची नोंद शिक्षकांनी एकदा आठवडाभर करून पाहावी. (घरी रिमोट कुणाच्या हातात असतो, हीही नोंद ज्याने त्याने आपापली करावी.)

'लोर्ना' वर्गात दाखवता येणार नाही. ती प्रौढांसाठी आहे. तिची रचना मात्र विनाखर्च करून पाहता येते. आठवी-नववीच्या वर्गात पोस्टकार्डाच्या आकाराचे बारा पुठ्ठे द्यावेत. प्रत्येकावर क्रमांक, गोष्टीचा चार ओळींचा तुकडा आणि खाली दोन पर्याय: 'असे केले तर अमुक क्रमांकावर जा.' गोष्ट एका गटाने लिहावी, दुसऱ्याने खेळावी. मग फळ्यावर बारा टिंबे काढून बाणांनी जोडावीत. मुलांना विचारावे: सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाटा किती? कोणत्या पुठ्ठ्यावर कधीच पोहोचता येत नाही? कुठे गोल गोल फिरत राहतो? कोणते पर्याय दिसायला दोन पण नेतात एकाच ठिकाणी? आलेख-सिद्धांताची यापेक्षा चांगली तोंडओळख आम्हाला ठाऊक नाही. त्यानंतर खेळणाऱ्या गटाला बाण बदलण्याची मुभा द्यावी. पुठ्ठ्यांवरचा मजकूर तोच ठेवायचा, एकाही पुठ्ठ्याची भर घालायची नाही, फक्त बाण. गोष्टीतली मुलगी आता कुठवर जाऊ शकते ते पुन्हा मोजावे. दोन तास हाताशी ठेवावेत, आणि बाण पहिल्यापासून खडूच्या वेगळ्या रंगाने काढावेत, म्हणजे पुसताना टिंबे जात नाहीत.